दुसरी बाटली

वेंडेल टॉलफ्सनच्या बिअरला बेरविक गावात आजवर कोणी नावं ठेवली नव्हती. याचा अर्थ ती चांगली होती असा कोणी काढू नये. बेरविक मिनेसोटात आहे. तिथे तुमच्या छपराला आग लागली तरी शेजारी आधी हवेबद्दल बोलतो, मग यंदा मका कसा उभा राहिलाय ते सांगतो, आणि निघता निघता, तुम्हाला सवड असेल तर जरा वर बघून घ्या, असं सुचवतो. अशा गावात वेंडेल गॅरेजमध्ये बिअर करायचा आणि येईल त्याच्या हातात बाटली ठेवायचा. पिणारा एक घोट घ्यायचा, बाटली उजेडात धरून नीट बघायचा आणि म्हणायचा, "वेगळीच आहे हं."

वेंडेल याला कौतुक समजायचा. वास्तविक तो तिथेच जन्मला आणि तिथेच टक्कल पडेपर्यंत राहिला. चर्चच्या जेवणात हिरव्या जेलीत किसलेलं गाजर निघालं तेव्हा त्याने स्वतः ती बनवणारीला "वेगळीच आहे हं" म्हटलं होतं आणि घरी जाऊन चूळ भरली होती. पण आपण दुसऱ्याला दिलेला गूळ आपल्याच हातावर कोणी ठेवला तर माणूस तो चाटून खातो. वेंडेलही चाटत होता.

नोकरीत असताना तो पोस्टमन होता. गावातल्या सगळ्या पायऱ्या त्याने झिजवल्या, सगळ्या कुत्र्यांशी त्याची तोंडओळख होती. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोला, म्हणजे आर्डिसला, भांडी कशी लावावीत हे शिकवायला लागला, तेव्हा तिनेच त्याला बिअरचं सामान आणून दिलं आणि गॅरेजचं दार बाहेरून ओढून घेतलं. तेव्हापासून तो तिथेच.

बिअर करणं तसं अवघड नाही. सातूचा माल्ट गरम पाण्यात मुरवायचा, त्याचं गोड पाणी काढायचं, त्यात हॉप्सची कडू फुलं टाकून तासभर उकळायचं. हा झाला काढा. खरी घाई पुढे असते. काढा उकळता आहे तोवर त्यात कुठलाही जंतू टिकत नाही, पण यीस्ट घालायला तो गार हवा, आणि तोही झटपट. एकदा कोमट झाला की हवेतला प्रत्येक फुकट्या जंतू त्यावर ताव मारायला टपलेला असतो. म्हणून पातेल्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं बुडवतात. एका टोकातून बागेच्या नळाचं गार पाणी आत सोडायचं, दुसऱ्या टोकातून ते गरम होऊन बाहेर येतं, आणि काढा पाहता पाहता निवतो. हे वेटोळं वेंडेलने रंगाच्या जुन्या डब्याभोवती स्वतः वळलं होतं. त्याचा त्याला इतका अभिमान होता की पाहुण्यांना तो आधी वेटोळं दाखवायचा आणि मग नातवंडांचे फोटो.

ते गळायचं. पहिल्या दिवसापासून गळायचं. बागेचा पाईप जिथे वेटोळ्याला पितळी नटाने जोडला होता तिथून गळायचं, आणि जिथून गरम पाणी बाहेर पडतं तिथली प्लास्टिकची नळीही गळायची. दोन्ही जोड नेमके पातेल्याच्या वर लोंबत. वेंडेलकडे यावर एकच औषध होतं: टेफ्लॉन टेप. गळालं की चार वेढे, पुन्हा गळालं की आणखी आठ. वर्षं गेली तसा पितळी जोड पांढऱ्या गाठोड्यात गडप झाला, ठेचकाळलेल्या अंगठ्याला चिंध्या बांधाव्यात तसा दिसायला लागला. प्लास्टिकच्या नळीवर त्याने लोखंडी क्लिप इतकी आवळली होती की ती नळीत रुतून बसली होती. तरी थेंब पडायचे ते पडायचेच. वेंडेल म्हणायचा, पाणीच आहे, बिअरमध्ये तरी दुसरं काय असतं.

फक्त एक गोष्ट त्याला मनातल्या मनात टोचायची. त्याच्याकडे कधी कोणी दुसरी बाटली घेतली नव्हती.

आता त्या भागात देण्याघेण्याची एक रीत आहे. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की उगाच तुला त्रास म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, आता उघडलीच आहेस तर, म्हणून घ्यायचं. पहिली बाटली सगळे अशीच घेत. दुसऱ्या बाटलीला मात्र वेंडेल तीनदा, चारदा, एकदा तर पाचदा विचारून दमला. सगळ्यांचं नको ते नकोच. बेरविकची माणसं मुळात संयमी आहेत अशी त्याने समजूत करून घेतली होती. हीच संयमी माणसं शुक्रवारी बोलिंगच्या अड्ड्यावर कारखान्याची बिअर घशात ओततात आणि गाडीची किल्ली शोधत टेबलाखाली रांगतात, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण समजूत घालून घ्यायची म्हटली की माणूस डोळ्यांना फारसं विचारत नाही.

त्यात उन्हाळ्याच्या तोंडावर ऑरिन स्कोगलंडने घर विकलं. ऑरिन त्याचा सगळ्यात जुना दोस्त, दोन घरं सोडून राहणारा. गावातली मयतं पोचवण्याचा धंदा त्याच्या घराण्याचा. मेलेला माणूस कसाही दिसत असो, फार शांत दिसतायत हो, असं घरच्यांना सांगण्यात त्याची हयात गेली होती, आणि सांगताना त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरची सुरकुती कधी हलली नव्हती. बायको गेली, गुडघे गेले, बर्फ उपसणं होईना. तेव्हा मुलीने त्याला अ‍ॅरिझोनाला बोलावून घेतलं. ऑगस्ट संपताना तो जाणार होता. वेंडेलला हे ऐकून इतकं वाईट वाटलं की तो म्हणाला, तिकडे ऊन फार असतं म्हणे. ऑरिन म्हणाला, हो, असं ऐकलंय. दोघांना जे बोलायचं होतं ते यात बोलून झालं.

पण वेंडेलने मनात ठरवलं. जाण्याआधी ऑरिनने माझ्या गॅरेजात दुसरी बाटली प्यायला हवी. बाकी गाव गेलं उडत.

या सगळ्याला वाचा फोडली ती डिनाने. डिना म्हणजे वेंडेलच्या मुलाची, कर्टची, नवी बायको. न्यू जर्सीची. तिच्या माहेरी प्रेम असलं की ओरडतात आणि राग आला की जास्त ओरडतात, आणि मनातलं मनात ठेवणाऱ्याला तिथे आजारी समजतात. उन्हाळ्याच्या पहिल्या सुट्टीला मागच्या अंगणात सॉसेज भाजणं चाललं होतं. ऑरिन होता, चर्चमधली चार माणसं होती. वेंडेलने सुनेला बाटली दिली. तिने पहिल्याच विचारण्याला हो म्हटलं तिथेच आर्डिसच्या भुवया वर गेल्या होत्या. डिनाने घोट घेतला, थांबली, बाटलीत नाक घालून हुंगलं.

"वेंडेल, ही खराब झालीये," ती म्हणाली.

कर्टने बटाट्याच्या सॅलडमध्ये मान घातली.

"आंबट झालीये. आणि तळघरात पुठ्ठा भिजत पडला की येतो ना, तसला वास येतोय. तुम्हाला येत नाहीये?" तिने सगळ्यांकडे पाहिलं. सगळे सॉसेजकडे बघत होते. "म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहितीये?"

वारा आता वायव्येकडून सुटलाय, असं ऑरिन म्हणाला. आर्डिसने लगेच लिंबाच्या वड्यांचा ट्रे फिरवायला घेतला. वेंडेल हसला, ही बाटली तळाची असेल म्हणाला, आणि आत जाऊन न्हाणीघरात बराच वेळ उभा राहिला. त्याचे कान तापले होते. सून उद्धट आहे असं त्याने स्वतःला दोनतीनदा सांगून पाहिलं. मग तो मागच्या दाराने निघाला.

त्याला ऑरिनच्या तोंडून ऐकायचं होतं की पोरगी काहीतरीच बोलते. ऑरिन तोवर घरी पोचला होता आणि आपल्या हॉस्टांना पाणी घालत होता. हॉस्टा ही मोठ्या पानांची, सावलीत वाढणारी शोभेची झाडं. ऑरिनच्या हॉस्टांची पानं ताटाएवढी व्हायची आणि एकाही पानाला भोक नसायचं. गावात बाकी सगळ्यांच्या हॉस्टांची बिनशंखाच्या गोगलगायी चाळण करून टाकत. वेंडेल बोलायला शब्द जुळवत खाली बघत उभा राहिला, तर एका पानाखाली त्याला माशाचा रिकामा डबा दिसला, मातीत काठापर्यंत पुरलेला. त्यात गढूळ पिवळं पाणी, आणि पाण्यात फुगून मेलेल्या गोगलगायी. पलीकडे आणखी एक डबा. त्यापलीकडे आणखी. वेंडेल वाकला. वास त्याच्या ओळखीचा होता.

"ही माझी आहे," तो म्हणाला.

ऑरिनने नळ बंद केला. मयताच्या घरी जो चेहरा काढायचा तो त्याने काढला.

"त्या तुझ्या बिअरवर जीव टाकतात, वेंडेल," तो म्हणाला. "मी दुकानातली ठेवून पाहिली. ढुंकून बघत नाहीत."

"म्हणजे जी खोकी मी तुला घरी देतो ती सगळी..."

"सगळी नाही. अर्धी शेजारच्या बाईंना देतो. त्यांची कोबी आहे."

"तू स्वतः कधी प्यायलास का रे?"

"दर वेळी. तुझ्यासमोर एक बाटली. पूर्ण."

"पूर्ण?"

"तळापर्यंत," ऑरिन म्हणाला. "तू बघत असायचास ना."

वेंडेल घरी परतला तो आधी भयंकर चिडलेला होता. आपण रात्रंदिवस खपलो ते कोबीवरच्या किड्यांसाठी, असं त्याच्या डोक्यात घुमत होतं. पण दोन घरांचं अंतर संपेपर्यंत राग ओसरला आणि खाली जे उरलं ते जास्त वाईट होतं. तो माणूस इतकी वर्षं ते आंबट पाणी घोटाघोटाने गिळत होता, चेहरा न हलवता, फक्त वेंडेल बघतोय म्हणून. वेंडेलला रडू आलं असतं, पण रस्त्यावर कोणीतरी कुत्रा फिरवत होतं. पहिली बाटली हा माणूस आपल्याखातर पितो, हे आता त्याला कळलं. दुसरी प्यायला तर ती मात्र बिअरखातरच पिईल.

दुसऱ्या दिवशी त्याने गॅरेजात खुर्ची टाकली, पातेल्यात साधं गरम पाणी भरलं, वेटोळं बुडवलं, नळ सोडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गळतीकडे नुसतं बसून पाहिलं. पितळी जोडाच्या गाठोड्यातून थेंब निघायचा, तांब्यावरून घरंगळत खाली यायचा आणि थेट पातेल्यात पडायचा. तो थेंब कुठून येत होता? वर्षभर गवतात लोळलेल्या पाईपाच्या तोंडातून, ज्यात कोळी संसार मांडतात. आणि कधी पडत होता? काढा उकळता असताना पडला तर मरून जाईल, पण तो निवत निवत यीस्टपुरता कोमट झाला तरी थेंब पडतच होते. स्वच्छतेसाठी वेंडेल सगळी भांडी तीनतीनदा धुवायचा, हात कोपरापर्यंत घासायचा, आणि मग अगदी शेवटी गवतातल्या घाणीला चमच्याचमच्याने आत वाढायचा. त्याने कपाळाला हात लावला.

मग तो स्वयंपाकघरातली सुरी घेऊन गाठोडं सोलायला बसला. थरावर थर निघाले. गॅरेजच्या जमिनीवर पांढऱ्या चिंध्यांचा ढीग झाला. आर्डिस बागेतून कात्री शोधत आत आली आणि ढिगाकडे बघत उभी राहिली. ती गावच्या ग्रंथालयात होती, आणि पुस्तक परत न करणाऱ्याकडे बघायची तिची एक खास नजर होती. तीच नजर आता टेपवर होती.

"आत वायसर आहे का?" तिने विचारलं.

वेंडेल म्हणाला, टेप होता की.

"बागेच्या पाईपाला आट्यांनी पाणी अडत नाही, वेंडेल. नटाच्या आत रबराची चकती असते, तिच्यावर तोंड दाबून बसलं की अडतं. आट्यांवर तू अख्खं दुकान गुंडाळलंस तरी उपयोग नाही. माझ्या पाईपाला कधी टेप पाहिलायस?"

त्याने कधी पाहिला नव्हता, कारण तिच्या पाईपाकडेच त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने नटात बोट घातलं. आत काही नव्हतं. चकतीच्या जागी टेपचा एक वाळका लगदा होता.

आर्डिसने खिडकीतली मुरंब्याची बरणी आणली. ती काळ्या रबरी वायसरांनी भरलेली होती. दर वसंतात ती आपल्या पाईपांचे वायसर बदलते, असं तिने सांगितलं.

"मला कधी बोलली नाहीस," वेंडेल म्हणाला.

"तू विचारलं नाहीस. आणि मला वाटलं, तुला ते गुंडाळत बसायला आवडतं."

"आणि बिअर खराब आहे, ते?"

आर्डिसने एक वायसर निवडून त्याच्या तळहातावर ठेवला. "मला वाटलं, तुला ती आवडते," ती म्हणाली. "मी काय, कॉफी पिते."

यावर चिडायचं की हसायचं हे वेंडेलला ठरवता येईना, म्हणून तो कामाला लागला. वायसर बसवला, नट फिरवला, नळ सोडला. गळालं. पुन्हा फिरवला, पक्कड लावून आवळला, तरी गळालं. हात आपोआप टेपच्या रिळाकडे गेला. आर्डिसने रीळ उचललं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. मग त्यानेच नट काढून उजेडात धरला, तर आट्यांमध्ये जुन्या टेपचे बारीक तुकडे दातात अडकलेल्या भाजीसारखे बसले होते. त्यामुळे नट शेवटपर्यंत जातच नव्हता, मधेच अडून बसत होता आणि वायसरावर तोंड टेकत नव्हतं. त्याने एक जुना ब्रश घेऊन आटे घासून काढले. तो ब्रश जुना नव्हता, त्याचाच रोजचा होता, हे त्याला संध्याकाळी दात घासताना कळलं. पण घासल्यावर नट नुसत्या हाताने भराभर फिरला, टेकला आणि थांबला. पक्कडीची गरज पडली नाही. नळ सोडला. जोड कोरडा राहिला.

गरम पाण्याची बाजू त्याहून चिवट निघाली. प्लास्टिकची नळी गार असताना घट्ट वाटायची, आणि आतून कढत पाणी जायला लागलं की मऊ पडून ढिली व्हायची. वेंडेल क्लिप आणखी आवळायचा, ती नळीत आणखी रुतायची, आणि कापलेल्या जागेतून पाणी यायचं. त्याने रुतलेलं टोक कापून टाकलं. उरलेली नळी गरम पाण्यात बुडवून मऊ केली आणि तांब्यावर चांगली चार बोटं वर चढवली. क्लिप बेताने लावली. गरम पाणी सोडून बघितलं, आणि नळी तापलेली असतानाच क्लिपला अर्धा पीळ आणखी दिला. बस. पूर्वी तो क्लिपशी कुस्ती खेळायचा. आता त्याला कळलं की तिला फक्त योग्य वेळी टोचायचं असतं, बायको त्याला टोचते तसं.

एवढं झाल्यावरही त्याचं समाधान होईना. इतकी वर्षं फसलेला माणूस कोरड्या जोडावरही विश्वास ठेवत नाही. उद्या वायसर झिजला तर? तेव्हा त्याने आर्डिसच्या स्वयंपाकघरातून मिठाचा डबा पळवला. वेटोळ्याच्या दोन्ही टोकांत मीठ ठासून भरलं, म्हणजे वाकवताना नळी चेपत नाही, आणि गुडघ्यावर धरून हळूहळू दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला वळवली. आता दोन्ही जोड पातेल्याच्या काठाबाहेर, हवेत आले. मीठ धुऊन काढलं. यापुढे गळलंच तर पाणी जमिनीवर पडेल, काढ्यात नाही. हे काम अर्ध्या तासाचं होतं. ते त्याला आजवर सुचलं नव्हतं, कारण गळतंय हे त्याने कधी मान्यच केलं नव्हतं. त्याच्या मते ते फक्त जरासं दमट होतं.

जुलैत त्याने ऑरिनसाठी बिअर केली. जोडांखाली चर्चचं मासिक पत्रक पसरलं आणि काढा निवेपर्यंत त्यावर डोळा ठेवून बसला. पत्रकावर पाद्रीसाहेबांचा फोटो होता. तो शेवटपर्यंत कोरडा राहिला. डिना तेव्हा आली होती. बाटल्या भरायला तिने मदत केली आणि महिनाभराने एक उघडून चाखते म्हणाली. वेंडेलने तिला हात लावू दिला नाही. स्वतःही लावला नाही. आपल्या जिभेवर त्याचा आता काडीचा विश्वास उरला नव्हता, आणि सुनेच्या जिभेला तो घाबरत होता.

ऑरिन निघायच्या आदल्या दुपारी सगळे गॅरेजात जमले. आर्डिसने हॉटडिश, म्हणजे मांस आणि भाज्या एकत्र भाजलेलं तिकडचं जेवण, केली होती, वर तळलेल्या बटाट्याच्या गोळ्यांचा थर. बर्फाच्या पेटीत बाटल्या होत्या. वेंडेलने ऑरिनला विचारलं, घेणार का? ऑरिन म्हणाला, नको. वेंडेलने पुन्हा विचारलं. उगाच तुला त्रास, ऑरिन म्हणाला. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने बाटली घेतली, आणि वेंडेलकडे न बघता, चेहरा न हलवता, पहिला घोट गिळला. वेंडेल त्या चेहऱ्याकडे टक लावून बसला. पण ज्या चेहऱ्यावर निम्म्या गावातल्या मयतांच्या घरच्यांना काही सापडलं नाही, तिथे वेंडेलला काय सापडणार?

ऑरिन काही बोलला नाही. वेगळीच आहे, असंही म्हणाला नाही. तळापर्यंत प्यायला, बाटली खुर्चीच्या पायाशी ठेवली, आणि मुलीकडे हवा किती कोरडी असते त्याबद्दल बोलत राहिला. बाकीच्यांनी एकेक बाटली संपवली आणि मक्याबद्दल बोलले. डिना तोंड उघडणार होती, पण आर्डिसने तिच्या मांडीवर हात ठेवला.

मग ऑरिनने दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली आणि म्हणाला, "बरं तर."

तिकडे हे निघण्याचं चिन्ह आहे. एकच बाटली. रीतीप्रमाणे निरोप सुरू झाला. खुर्चीपाशी एक झाला. गॅरेजच्या दाराशी दुसरा, तिथे ऑरिनने सोबत आणलेलं आपलं बर्फ उपसायचं फावडं वेंडेलला देऊन टाकलं. गाडीच्या वाटेवर तिसरा, तिथे आर्डिसने डब्यात हॉटडिश बांधून दिली आणि त्याने दोनदा नको म्हटलं. शेवटचा निरोप टपालपेटीपाशी, रस्त्याच्या कडेला. वेंडेलने त्या पेटीत कितीतरी वर्षं स्वतःचंच टपाल टाकलं होतं. ऑरिनने तिच्यावर हात ठेवला. दोघांनी आभाळाकडे पाहिलं. पाऊस नाही वाटतं, वेंडेल म्हणाला. नाही, ऑरिन म्हणाला. तिकडे जाऊन फोन कर. करतो.

ऑरिन वळला आणि आपल्या घराच्या दिशेने लंगडत निघाला. वेंडेल गॅरेजात आला आणि आर्डिस, डिना आवराआवर करत होत्या तिथेच खुर्चीत बसला. दुसरीचं विचारायला हवं होतं, त्याला वाटलं. पण विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि ते ऐकायची त्याची छाती नव्हती. त्याला फार एकटं वाटलं.

दारात सावली पडली. ऑरिन परत आला होता. लंगडत बर्फाच्या पेटीपाशी गेला, झाकण उचललं, आत हात घालून बाटली काढली, कोणी विचारलं नव्हतं, एकदाही नाही, आणि भिंतीवरच्या ओपनरने झाकण उडवून एक मोठा घोट घेतला. मग तो वेंडेलच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि त्याने पाय पसरले.

डिनाने तोंडावर हात दाबून धरला. ती आता तीन महिन्यांची मिनेसोटाकर झाली होती, तिलाही कळलं. वेंडेलने मान फिरवून वेटोळ्याकडे पाहिलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते फक्त जरासे दमट आहेत असं कोणालाही पटलं नसतं.

बाटली अर्धी झाल्यावर ऑरिन बोलला. "घर घेतलेल्या पोरांना हॉस्टांचं काही कळत नाही," तो म्हणाला. "गोगलगायींचं तुलाच बघावं लागेल."

"जुनी दोन खोकी आहेत अजून," वेंडेल म्हणाला. "पुरतील."